१४२ पीएसचा कागद

साताऱ्यात मी अकरावी-बारावीचे फिजिक्सचे क्लास घेतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणणारच, "मास्तर, तुम्हीसुद्धा?"

गाडी पोलो, १.० टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल, मॅन्युअल. कंपनीच्या आकड्यानुसार पॉवर ११० पीएस (अश्वशक्तीचं माप) आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पीळ, १७५ न्यूटन मीटर. टर्बो गाडीची ताकद वाढवता येते हे खोटं नाही. ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक. त्यातली फाईल बदलून बूस्ट (टर्बो कोंबतो त्या हवेचा दाब), इंधन आणि इग्निशनचं, म्हणजे ठिणगीचं, टायमिंग हलवलं की एकही पार्ट न बदलता इंजिन खरंच जास्त ओढतं. एवढं माहीत होतं म्हणूनच अडकलो.

एमआयडीसीकडच्या एका गॅरेजात महिन्यातून दोन दिवस एक 'ट्यूनर' येतो, असं कळलं. लॅपटॉप, केबल, बोलणं अदबीचं. २६ हजार घेतले. २० रोख, ६ यूपीआयने, तेही तिसऱ्याच कुणाच्या नावावर. पावती नाही. "सर, सर्व्हिस सेंटरच्या बापालाही कळायचं नाही," म्हणाला. ह्या एका बाबतीत तो शब्दाला जागला. मग वायरिंग बघतो म्हणून मला चहाला पिटाळलं. मी चहा प्यालो आणि येताना त्याच्यासाठी पाव किलो कंदी पेढेही घेऊन आलो!

संध्याकाळी यवतेश्वरचा घाट चढलो. पाय नुसता टेकवला तरी गाडी उसळत होती. सोबत डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, छापील आलेख, त्यावर १४२ पीएस. आठवडाभर तो कागद दिसेल त्याला दाखवला.

शंका आली खंबाटकीत. गाडीत चौघं, डिकी भरलेली, पुढे ट्रक. पेडल पार तळाला नेलं, तर गाडी पूर्वी चढायची तशीच चढली. ट्यूनिंगच्या आधी भाच्याने मोबाईलवर स्पीडोमीटरचा व्हिडिओ काढला होता, तिसऱ्या गिअरमध्ये ६० ते १००. तसाच पुन्हा काढला. फरक पाव सेकंदाचाही नाही.

कोल्हापूरच्या एका जाणकाराकडे गेलो. त्याने ईसीयूतली फाईल वाचून कंपनीच्या मूळ फाईलशी लावून पाहिली. "सर, फाईल कंपनीचीच हाय की. ह्याला कुणी हातच लावलेला न्हाई." मग डॅशबोर्डखाली वाकला आणि ॲक्सिलरेटर पेडलच्या कनेक्टरवरून काड्यापेटीएवढी डबी काढून माझ्या हातावर ठेवली. आता पेडलला केबल नसते, सेन्सर असतो. तुम्ही पाव दाबलं की ही डबी ईसीयूला अर्धं दाबलंय म्हणून कळवते. म्हणून उसळी. पूर्ण दाबल्यावर जादा कळवायला उरतं काय?

खरी लाज पुढे आहे. घरी येऊन तो आलेख पहिल्यांदा नीट वाचला. टॉर्क गुणिले आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), भागिले ७०२४, म्हणजे पीएस. आलेखात ४५०० आरपीएमला टॉर्क २००, पॉवर १४२. हिशेब येतो १२८. कागद स्वतःच स्वतःला खोटं ठरवत होता आणि हे गणित मी दरवर्षी फळ्यावर शिकवतो.

कोल्हापूरवाल्याने त्याची पद्धत सांगितली. आधी प्लग, कॉइल आणि बूस्टच्या पाइपची गळती तपासायची. मग डायनो, आपल्यासमोर, बदलाच्या आधी आणि नंतर, एकाच यंत्रावर, एकाच दिवशी. मूळ फाईलची प्रत आपल्या हातात. नंतर गाडी पळवून बूस्टची नोंद घ्यायची आणि नॉकिंगमुळे, म्हणजे इंधन अवेळी पेटून इंजिन ठोकायला लागल्याने, ईसीयू टायमिंग मागे खेचतोय का ते बघायचं. खेचत असेल तर कागदावरची ताकद रस्त्यावर मिळत नाही. ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलवर बसवलेल्या फाईलला त्याहून कमी ऑक्टेनचं चालणार नाही आणि वाढलेल्या टॉर्कने क्लच घसरू शकतो, हेही पैशाचं बोलायच्या आधी सांगितलं. वॉरंटी जाते, हेसुद्धा. मी अजून काही करून घेतलेलं नाही.

त्या ट्यूनरचा फोन बंद आहे. गॅरेजवाला म्हणतो, मी फक्त जागा दिली होती.

गेल्या आठवड्यात सांगलीतल्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोटो पाठवला. "सर, हे बरोबर आहे का?" तोच आलेख, तेच १४२, फक्त गाडीचा नंबर वेगळा. त्याची गाडी डिझेल आहे. आलेख साडेसहा हजार आरपीएमपर्यंत गेलेला, जिथवर डिझेल गाडी फिरतच नाही.