कोल्हापुरातलं एक डे-केअर आणि त्यांचा २६ प्रश्नांचा फॉर्म (४ स्टार)

आमच्या दादाला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, भास होणं असला मानसिक आजार, १९ वर्षं झाली. गेलं दीड वर्ष तो इथल्या मानसिक आजाराच्या पेशंटसाठी असलेल्या एका डे-केअर सेंटरला जातोय, सोमवार ते शुक्रवार, महिना अडीच हजार. नाव टाकत नाही, कारण खाली तक्रार पण आहे आणि दादाची ओळख उघड व्हायला नको.

कागदी पाकिटं बनवणं, कॅरम, दुपारी गाणी हे सगळं चांगलंच आहे. पण मला भावलं ते दुसरंच. दर तीन महिन्यांनी ते दादाचं क्वालिटी ऑफ लाइफ, म्हणजे त्याचं जगणं कसं चाललंय ते मोजतात आणि ते दादालाच विचारून. आधी जिथं ट्रीटमेंट होती तिथं डॉक्टर कायम आईकडं नाहीतर माझ्याकडं बघून विचारायचे, आवाज ऐकू येतात का, झोपतो का, गोळ्या घेतो का, आणि आवाज कमी झाले की झालं, पेशंट सुधारला. अपंगत्वाच्या दाखल्याला पण तसंच, आयडियाज नावाचं स्केल असतं, त्यात स्वतःची निगा, लोकांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम ह्यात किती अडतंय ते बघतात, अपंगत्व ४० टक्के भरलं की सवलती. ते पायजेच, पण जगणं कसं चाललंय हे त्यात कुठं येत नाही.

इथला फॉर्म डब्ल्यूएचओचा म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचा आहे, डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ म्हणतात. मागच्या दोन आठवड्यांबद्दल २६ प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ मार्क. शरीर, मन, नातीगोती आणि आजूबाजूची परिस्थिती असे चार भाग. सेंटरच्या मॅडम एकेक प्रश्न आपल्या भाषेत समजावून विचारतात. पहिल्याच वेळी राहत्या जागेला दादानं १ दिला. आईला लई लागलं, म्हणाली, "स्वतःची खोली दिलीया, अजून काय पायजे ह्याला?" मॅडमनी शांतपणे कारण विचारलं. दादा बराच वेळ टेबलाचा सनमायका नखानं खरवडत बसला आणि मग म्हणाला, "खोलीला आतनं कडी नाही."

खूप वर्षांमागं तो दोन दिवस आत कोंडून घेऊन बसलेला, तेव्हा बाबांनी कडी काढून टाकली, स्क्रूची चार भोकं दाराला अजून तशीच आहेत. आम्ही विसरून गेलेलो, तो रोज बघत होता. डॉक्टरांना विचारून आता बाहेरनं पण उघडता येईल असं लॅच बसवलंय.

पैशाच्या प्रश्नाला म्हणाला, "मागावे लागतात." आता दर सोमवारी ३०० रुपये त्याच्या हातात देतो, हिशोब विचारत नाही. केएमटीच्या बसनं एकटा येतो-जातो, एकदा संध्याकाळी गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन आला आणि ते आईला चारदा सांगितलं.

एका ठिकाणी मात्र मला फॉर्म चुकीचा वाटलेला. मित्रांच्या प्रश्नाला दादानं ५ दिले आणि आमच्या घरी त्याचा मित्र येऊन दहा वर्षं झाली असतील. मॅडम म्हणाल्या की वर्षानुवर्षं आजारात राहिलेला माणूस अपेक्षाच कमी करतो, मग समाधान जास्त दिसतं, म्हणून सोबत साधे हो-नाही प्रश्न पण घ्यायचे. इंग्लंडमधल्या मान्सा नावाच्या १६ प्रश्नांच्या फॉर्ममध्ये तसे चार आहेत, त्यातला एक म्हणजे गेल्या आठवड्यात मित्राला भेटलात का. दादा म्हणाला नाही. उलट कधीकधी पेशंट सुधारायला लागला की आपलं काय काय गेलं ते त्याला कळतं आणि मार्क खाली येतात, डिप्रेशन असेल तरी सगळेच मार्क पडतात, त्यामुळं आकडा घसरला की लगेच घाबरायचं नाही पण कारण शोधायचं. हे मला एवढ्या वर्षांत कुणीच सांगितलं नव्हतं.

आता तक्रार. दुसऱ्या वेळी फॉर्म एका नवीन ट्रेनी मुलीनं भरून घेतला, हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, मी शेजारी बसलेलो, दहा मिनिटांत. दादा सगळ्याला "बरं आहे" म्हणत राहिला. लैंगिक आयुष्याबद्दलचा प्रश्न आला तर ती म्हणाली हा ह्यांना लागू नाही आणि पुढं गेली. दादा ४२ वर्षांचा माणूस आहे, समोर बसून ऐकत होता. मला फार वाईट वाटलं आणि मी तसं ऑफिसमध्ये सांगितलं. पुढच्या वेळी मॅडमनी दार लावून एकट्याला विचारलं. काय बोलला ते मला माहीत नाही, त्यांनी सांगितलं नाही आणि ते बरोबरच केलं.

दुसरं म्हणजे हे फॉर्म सेंटरच्या कपाटात राहतात, गोळ्या लिहिणाऱ्या डॉक्टरांपर्यंत जातच नाहीत. एक स्टार त्यासाठी कापलाय. मी झेरॉक्स काढून ओपीडीला नेतो, आधी दादाला विचारून.

जागा दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. तुमच्या माणसाला घेऊन जाणार असाल तर फॉर्म कोण भरून घेणार ते आधी विचारा आणि त्या वेळी तुम्ही बाहेर बसा, आईलापण बाहेर बसवा.