विजया तेलाची एक बाटली आणि अठ्ठावीस रात्री

बाटली 30 मिलिलिटरची, किंमत 2,800 रुपये. खोक्यावर भांगेचे पान ठळकपणे छापलेले असले तरी या तेलाने नशा होत नाही, असे कंपनीच्या प्रतिनिधीने मला फोनवर तीन वेळा सांगितले, आणि तिन्ही वेळा मी न विचारताच. कंपनीचे नाव मी येथे देत नाही, कारण माझी जी तक्रार आहे ती या प्रकारच्या बहुतेक बाटल्या हातात घेताना उपयोगी पडेल असे मला वाटते.

मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयातून रसायनशास्त्राचा अध्यापक म्हणून निवृत्त झालो. तरुणपणी गंगावेशीकडच्या तालमीत चार वर्षे जोर-बैठका मारल्या, त्याची आठवण म्हणून उजवा खांदा उरला आहे. तो थंडीत ठणकतो आणि पहाटे तीनला मला जागे करतो. पुण्याच्या भाच्याने सीबीडीचे, म्हणजे भांगेतल्या कॅनाबिडिऑल या घटकाचे, तेल घेऊन पाहा असे सुचवले. हा घटक 1940 साली अमेरिकेत रॉजर ॲडम्स यांच्या गटाने वेगळा केला आणि त्याची नेमकी रचना 1963 साली राफाएल मेशुलम यांनी इस्रायलमध्ये निश्चित केली. या कामासाठी पोलिसांनी पकडलेला पाच किलो हशीश मेशुलम साध्या बसमधून प्रयोगशाळेत घेऊन गेले होते. हा प्रसंग मी वर्गात अनेकदा सांगत असे, पण त्याच वनस्पतीचा अर्क कधी स्वतःच्या जिभेखाली ठेवेन असे वाटले नव्हते.

खरेदीची पद्धत सरळ आहे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे वनस्पतीचे फुलोरे किंवा फळधारी शेंडे; शेंड्यांशिवायची नुसती पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. त्यामुळे पानांचा अर्क आयुर्वेदिक औषध म्हणून, ‘विजया’ या जुन्या नावाने, परवाना घेऊन विकता येतो. मात्र औषध नियमांच्या अनुसूची ई(1) मध्ये भांगेची गणना विषारी द्रव्यांत होते आणि म्हणून वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना वेष्टनावर छापावी लागते. माझ्या खोक्यावर ती होती. देखरेख म्हणजे कंपनीच्या वैद्यांशी दूरदृश्य पद्धतीने झालेली चार मिनिटांची भेट. त्यांनी माझे वय, वजन आणि तक्रार विचारली, चिठ्ठी दिली आणि शुभेच्छाही दिल्या. मी इतर कोणत्या गोळ्या घेतो हे मात्र विचारले नाही.

हा प्रश्न शाहूपुरीतल्या आमच्या नेहमीच्या वैद्यांनी पहिल्याच वाक्यात विचारला. “सर, रक्त पातळ करायची गोळी चालू नाही ना?” मला ती चालू नाही, माझ्या मेहुण्यांना आहे, आणि मी ती बाटली निम्मी त्यांना देणार होतो. कॅनाबिडिऑल यकृतातल्या ज्या विकरांना, म्हणजे एन्झाइमना, अडवते त्यांतली काही विकरे इतर औषधांची विल्हेवाट लावण्याचे काम करतात. ती अडली की ती औषधे रक्तात साचू लागतात. वॉरफरिन ही रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत असे घडल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झाली आहे, आणि अपस्माराच्या क्लोबाझाम या गोळीचा परिणामही याच कारणाने वाढतो. ‘नशा होत नाही’ याचा अर्थ ‘शरीरात काहीच होत नाही’ असा घेण्याची चूक मी स्वतः करणार होतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आता लेबलकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे. मोठ्या अक्षरांत ‘विजया पत्र अर्क 1500 मिलिग्रॅम’ असे लिहिले आहे. वाचणाऱ्याला वाटते की बाटलीत 1500 मिलिग्रॅम सीबीडी आहे. वस्तुतः अर्कात मेण, हरितद्रव्य, सुगंधी द्रव्ये आणि नशा आणणारे टीएचसी हे सगळेच असते. मार्केट यार्डात गूळ घ्यायला गेलेल्या माणसाला रव्याचे, म्हणजे ढेपेचे, वजन न सांगता तो किती उसापासून केला ते सांगितले, तर कोल्हापूरचा माणूस ऐकून घेणार नाही. इथे मात्र आपण मुकाट्याने पैसे मोजतो. मी तपासणीचे प्रमाणपत्र मागितले. चौथ्या फोननंतर ते आले, आणि त्यावरचा बॅच क्रमांक माझ्या बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता. तेच खरे धरले तर बाटलीत सीबीडी 900 मिलिग्रॅम आणि टीएचसी 60 मिलिग्रॅम आहे. म्हणजे एका मिलिलिटरला 30 आणि 2. फोनवरची तीन आश्वासने या दुसऱ्या आकड्यापुढे जरा फिकी पडतात.

लेबल आणि आतला माल यांचा मेळ न बसणे ही काही आपल्याकडचीच गोष्ट नाही. अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या 84 उत्पादनांची 2017 साली तपासणी झाली तेव्हा जेमतेम एकतीस टक्के लेबले बरोबर निघाली आणि 18 उत्पादनांत टीएचसी सापडले.

एक मिलिलिटर, म्हणजे 30 मिलिग्रॅम, ही मला सांगितलेली रोजची मात्रा. ज्या अभ्यासांच्या जोरावर ही तेले विकली जातात त्यांतल्या मात्रा मी शोधून पाहिल्या. ब्राझीलमध्ये 2011 साली लोकांसमोर बोलण्याची तीव्र भीती असलेल्या चोवीस जणांना बनावट भाषण करायला लावले. त्यांतल्या बारा जणांना आधी सीबीडी दिले होते आणि त्यांची घबराट उरलेल्या बारा जणांपेक्षा कमी भरली. मात्रा होती 600 मिलिग्रॅम. 2019 च्या तशाच एका प्रयोगात 57 निरोगी पुरुषांवर 150, 300 आणि 600 मिलिग्रॅम अशा तीन मात्रा तपासल्या, तेव्हा 300 ने भीती कमी झाली, 150 आणि 600 ने मात्र फरक पडला नाही. अपस्माराच्या दोन दुर्मीळ आणि हट्टी प्रकारांसाठी 2018 साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एपिडिओलेक्स या शुद्ध सीबीडीच्या औषधात दर किलो वजनाला रोज 10 मिलिग्रॅम ही नेहमीची मात्रा आहे. वीस किलोच्या मुलाला दिवसाला 200 मिलिग्रॅम. आणि सत्तर किलोचा मी 30 मिलिग्रॅमवर खांदा बरा होण्याची वाट पाहत होतो. माझ्या बाटलीतून 300 मिलिग्रॅम घ्यायचे म्हटले तर एका रात्रीचे 933 रुपये होतात आणि बाटली तिसऱ्या रात्री संपते.

तरीही पहिल्या दहा रात्री मला झोप छान लागली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. इतकी छान की संशय आला. 2,800 रुपये खर्च करून जिभेखाली कडू तेल धरणारा माणूस मनातून झोपेची तयारी करूनच अंथरुणावर पडतो.

म्हणून एक आठवडा तेल बंद ठेवले आणि पत्नीच्या मदतीने घरगुती परीक्षा मांडली. या तेलाचा पाया भांगेच्या बियांचे तेल हाच आहे. अन्नपदार्थ म्हणून त्याला 2021 पासून परवानगी आहे आणि त्यात सीबीडी जवळजवळ नसते. राजारामपुरीतल्या दुकानदाराने मात्र “यातपण त्येच असतंय की सर, निम्म्या किमतीत” असे सांगून ते दिले! तेच साधे तेल तशाच काळ्या बाटलीत भरले. कडवटपणावरून ओळखू नये म्हणून पत्नी रोज रात्री एक मिलिलिटर तेल गुळाचा खडा आणि चमचाभर तूप यांत कालवून देत असे. तुपाचा दुसराही फायदा होता: स्निग्ध आहारासोबत घेतल्यास सीबीडी रक्तात उपाशीपोटीपेक्षा सुमारे चौपट उतरते. कोणत्या आठवड्यात कोणते तेल, हे तिने नाणे उडवून ठरवले आणि गॅसच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवले. दोन आठवडे खरे, दोन नकली. सीबीडी सलग घेतल्यावर रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला साठ तासांच्या आसपास लागतात, म्हणून प्रत्येक आठवड्याच्या पहिल्या दोन रात्री हिशेबात धरल्या नाहीत.

अठ्ठाविसाव्या सकाळी चहाबरोबर गॅसचे पुस्तक उघडले. खऱ्या तेलाच्या दहा रात्रींची सरासरी झोप 5 तास 40 मिनिटे, नकली तेलाच्या दहा रात्रींची 5 तास 30 मिनिटे. झोपताना आणि उठताना घड्याळ पाहून केलेल्या वहीत दहा मिनिटांच्या फरकाला काही अर्थ नाही. खांद्याच्या ठणक्याला मी रोज शून्य ते दहा गुण देत होतो. दोन्हीकडे चारच्या आसपास. सगळ्यात उत्तम वाटलेला तिसरा आठवडा मी पैजेवर खऱ्या तेलाचा सांगितला होता आणि तो नकलीचा निघाला. पत्नी म्हणाली, “मग गूळ-तूपच चालू ठेवा की.”

एका माणसाच्या वीस रात्रींवरून औषध निरुपयोगी ठरत नाही, हे मी माझ्याच विद्यार्थ्यांना शिकवत आलो आहे. कोणाला 30 मिलिग्रॅमने गुण येतही असेल, आणि आला तरी तो सीबीडीचा की त्या दोन मिलिग्रॅम टीएचसीचा, हे या बाटलीवरून कळणार नाही. एवढे खरे की मोठ्या मात्रेतल्या अभ्यासांची पुण्याई लहान मात्रेच्या बाटलीवर चढवून विक्री चालली आहे. उलट मोठी मात्रा आपल्या मनाने घ्यावी असेही नाही: एपिडिओलेक्स घेणाऱ्यांत पेंग, जुलाब आणि भूक मंदावणे दिसते, यकृताची विकरे वाढतात, विशेषतः सोबत व्हॅल्प्रोएट हे अपस्माराचे दुसरे औषध चालू असेल तर, आणि म्हणून त्यांचे रक्त ठरावीक काळाने तपासतात.

तालमीतल्या पोरांसाठी वेगळे लिहिणे भाग आहे, कारण आमच्या गल्लीतला एक पैलवान “काका, थंडाईत टाकू का?” असे विचारून गेला. जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेने 2018 पासून सीबीडी बंदीच्या यादीतून वगळले आहे, टीएचसी मात्र स्पर्धेच्या काळात अजूनही बंद आहे. अर्काच्या तेलात दोन्ही असतात. मूत्रतपासणीत अडकल्यावर लेबल दाखवून सुटका होणार नाही.

बाकी किरकोळ. काचेची ड्रॉपर-नळी उत्तम आहे, तिच्यावर पाव मिलिलिटरच्या खुणा स्पष्ट आहेत. झाकण मुलांना सहज उघडता येते, ते तसे असायला नको होते. पार्सल तीन दिवसांत आले. चव ओल्या गवतात कारले चुरडल्यासारखी, गुळाशिवाय घेऊ नये. पाचपैकी दोन गुण, त्यातला एक ड्रॉपरचा.

बाटलीत सहा मिलिलिटर तेल उरले आहे आणि ते कपाटात, नातवंडांच्या हाताला न लागेल अशा वरच्या फळीवर ठेवले आहे. माझ्या बॅचचे प्रमाणपत्र “दोन दिवसांत पाठवतो, सर” असे कंपनीने सांगितले, त्याला आज पाच आठवडे झाले.