आशाताईच्या पिशवीतली मलेरिया किट : पाचपैकी साडेतीन

रोवणीचे दिवस. बांधीतून आलेल्या भाच्याला अशी हुडहुडी भरली की दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजणं थांबेना. आमच्या गडचिरोलीत असा ताप म्हटला की आधी मलेरियाच आठवतो. आशाताईनं बोट टोचलं, किटमध्ये रक्त सोडलं, वर द्रावणाचे थेंब टाकले. पंधरा-वीस मिनिटांत दोन रेघा : एक कंट्रोलची, म्हणजे किट नीट चालली हे सांगणारी, दुसरी फाल्सिपॅरम या मलेरियाच्या जंतूची. त्याच रात्री औषध सुरू. वीज नको, मायक्रोस्कोप नको, पैसा नको. इथपर्यंत पाचपैकी पाच.

गुण कापले ते पुढच्या प्रकारासाठी. ताप तीन दिवसांत उतरला. बाराव्या दिवशी पोट्टा सर्दीनं पुन्हा कणकणला, तर तालुक्याच्या एका खासगी लॅबनं तशीच किट लावली, फाल्सिपॅरमची रेघ पुन्हा दिसली आणि सांगितलं, औषध लागू पडलं नाही. बहीण रडायला लागली. मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो, अडून बसलो. त्याला सरकारी दवाखान्यात नेलं, रक्ताची स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघायला लावली. एकही जंतू नाही.

फाल्सिपॅरमची रेघ उमटते ती एचआरपी-२ या प्रथिनामुळे, आणि जंतू मेल्यावरही ते काही आठवडे रक्तात राहतं. माणूस गेला तरी रेशनकार्डावर नाव असतं, तसं.

वर्गात हे सांगितलं तर एका पोरीनं विचारलं, "सर, मग जंतू मेला हे दाखवणारी रेघ का नाही?" बाप्पा, प्रश्न भारी होता! आपल्या पेशी ठरवून मरतात तेव्हा कॅस्पेज नावाची प्रथिनं दुसऱ्या प्रथिनांवर कात्री चालवतात, त्या प्रथिनांच्या साखळीतल्या ॲस्पार्टिक आम्ल या कडीच्या पुढे. मलेरियाच्या जंतूत कॅस्पेजच नाही. त्याचे दूरचे भाऊबंद, तीन मेटाकॅस्पेज, आहेत. पण त्यांची कात्री आर्जिनिन किंवा लायसिन या वेगळ्या कड्यांच्या पुढे चालते. उंदराच्या मलेरियाचे जंतू डासाच्या पोटात असे ठरवून मेल्यासारखे दिसलेत. पण ते खरंच ठरवून मरणं का, आणि त्यात मेटाकॅस्पेजचा हात किती, यावर शास्त्रज्ञांचं अजून जमत नाही. मग त्यावर रेघ कुठून काढणार?

आशाताईला म्हटलं, औषध झाल्यावर महिनाभर किट नको, स्लाइडच काढा. ती म्हणाली, "तुम्ही स्वतः घेऊन गेले म्हणून त्याच दिवशी झालं. आमच्या स्लाइडचा रिपोर्ट याले चार दिवस लागते सर, तवर तापलेल्या लेकराले काय सांगू?"

मी तीन देणार होतो. अर्धा तिच्यामुळे वाढवला.