अमेरिकेवर कोणत्या बेसबॉलपटूचा ठसा मोठा: बेब रूथ की जॅकी रॉबिन्सन?

बेब रूथचं मोठेपण डोळ्यांत भरणारं: १९२७ च्या हंगामात ६० होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके), कारकिर्दीत ७१४. तो बोस्टनहून न्यूयॉर्कच्या यँकीज संघात आला आणि गर्दी इतकी वाढली की १९२३ मध्ये उघडलेल्या यँकी स्टेडियमला लोक ‘रूथनं बांधलेलं घर’ म्हणू लागले. खेळाडूला सिनेनटासारखं डोक्यावर घ्यायची सवय अमेरिकेला लावण्यात त्याचा वाटा फार मोठा.

तरी माझा कौल जॅकी रॉबिन्सनला. आकड्यांत तो रूथपुढे लहान दिसेल. पण १५ एप्रिल १९४७ रोजी तो ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला, तोवर मेजर लीगची, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेची, दारं कृष्णवर्णीयांना कित्येक दशकं बंद होती. शिव्या, धमक्या, अंगावर येणारे चेंडू. आणि उलट उत्तर द्यायचं नाही, असं संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांच्याशी आधीच ठरलेलं. हे सोसून त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित तोच ठरला! सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश १९४८ चा, शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ चा. बेसबॉलचं मैदान या दोन्हींच्या आधी बदललं होतं. १९९७ मध्ये त्याचा जर्सीवरचा ४२ क्रमांक सगळ्या संघांनी मिळून निवृत्त केला, म्हणजे नव्या कुणा खेळाडूला तो द्यायचा नाही असं ठरवलं. असा मान रूथलाही मिळालेला नाही.