पासबुकाच्या शेवटच्या पानावरचे पासवर्ड: वही, कीपासडीएक्स की बिटवार्डन?

पुतणीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज नूतनीकरणाला आला, तेव्हा घरात कोणालाच महाडीबीटीचा पासवर्ड माहीत नव्हता. "तो त सेतूवाल्या पोरानंच टाकला होता, मले काय मालूम?" वहिनी म्हणाल्या. तो पोरगा केंद्र बंद करून नागपूरला कामाला गेलेला. शेवटी बँकेच्या पासबुकाच्या मागच्या पानावर पेनानं लिहिलेला एक शब्द सापडला, पण चहा सांडून त्यातली दोन अक्षरं पसरली होती.

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात हे घरोघरी असंच आहे. पासवर्ड दुसराच कोणीतरी ठरवतो, तोच ईमेलला, तोच रेल्वेच्या तिकिटाला, तोच नेट बँकिंगला. एक जागा फुटली की सगळ्या फुटतात. म्हणून पासवर्ड ठेवायच्या दोन ॲपची आणि साध्या वहीची तुलना इथं करतो. दोन्ही ॲप मी वापरली आहेत. दोन्ही ओपन सोर्स आहेत, म्हणजे प्रोग्राम कसा लिहिलाय हे कोणाही जाणकाराला उघडून तपासता येतं. दोन्ही फुकट वापरता येतात.

आधी वही, कारण तिला उगाच नावं ठेवली जातात. पेटीत कुलपाखाली ठेवलेली वही इंटरनेटवरून कोणी चोरू शकत नाही. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा वहीत दहा वेगवेगळे लिहिणं कितीतरी चांगलं. पण वही खोट्या वेबसाइटपासून वाचवत नाही. पीएम किसानच्या नावानं हुबेहूब दिसणारं पान आलं की माणूस वहीत पाहून पासवर्ड टाकून मोकळा होतो. पासवर्ड ॲप आधी पानाचा पत्ता जुळवून पाहतं. पत्ता वेगळा असेल तर ते पासवर्ड पुढे करत नाही, आणि तिथंच आपण सावध होतो. मला तरी ॲपचा सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो.

आता दोन ॲप. कीपासडीएक्स सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलीत ठेवतं आणि ती फाइल तुमच्याच फोनमध्ये राहते. खातं उघडायचं नाही, ईमेल द्यायचा नाही. वीज गेली, मागोमाग टॉवर गेला, तरी काही अडत नाही. मात्र फोन विहिरीत पडला तर फाइलही विहिरीत. महिन्यातून एकदा तिची नक्कल पेन ड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डावर घ्यावीच लागते, आणि ही सवय लागत नाही हे मी घरीच पाहिलं आहे. तीच फाइल कॉम्प्युटरवर कीपासएक्ससी नावाच्या प्रोग्राममध्ये उघडते. पण फोनवर एक बदल आणि कॉम्प्युटरवर दुसरा, असं झालं की दोन फायली जुळवत बसावं लागतं.

बिटवार्डन 2016 सालापासून आहे. त्यात खातं उघडावं लागतं. पासवर्ड फोनमध्येच कुलूपबंद होतात आणि मग सर्व्हरवर, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटवरच्या कॉम्प्युटरवर जातात, त्यामुळे कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. फोन हरवला तर नव्या फोनवर सगळं परत मिळतं. फुकट खात्यात पासवर्ड किती ठेवायचे, किती फोनवर वापरायचं याला मर्यादा नाही, आणि दोघांपुरती सामायिक तिजोरीही करता येते. पुतणी पुण्याला वसतिगृहात आणि वहिनी गावात, अशा घराला याचा फार उपयोग होतो. रेंज नसताना आधीचे पासवर्ड दिसतात, फक्त नवा जोडता येत नाही.

एक खाचखळगा मात्र आधीच सांगतो. नव्या फोनवर बिटवार्डन उघडताना ते ईमेलवर कोड पाठवतं. ईमेलचा पासवर्ड फक्त बिटवार्डनमध्येच ठेवला असेल, तर पेटीची किल्ली पेटीतच राहिली असं समजा. म्हणून ईमेलचा पासवर्ड आणि मुख्य पासवर्ड (ज्यानं ॲप स्वतः उघडतं तो), हे दोन कागदावर लिहून पेटीत ठेवा. मुख्य पासवर्ड विसरलात तर दोन्हींपैकी कोणत्याच ॲपवाले तो परत देऊ शकत नाहीत.

मुख्य पासवर्ड कसा ठरवायचा? एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द घ्या, जसे वखर, पाटी, सोमवार अशा जातीचे, आणि इंग्रजी अक्षरांत लिहा. मराठी कीबोर्ड फोनाफोनाला वेगळा असतो, ऐनवेळी तेच अक्षर सापडत नाही.

निवड करताना आमच्याकडे एक अडचण अशी आली, जी मी आधी धरलीच नव्हती. बोटांचे ठसे. वेचणीच्या दिवसांत वहिनींची बोटं बोंडाच्या टोकांनी ओरबाडलेली असतात. रेशनच्या मशीनवर ठसा उमटत नाही, तसा फोनवरही नाही. दर वेळी पाच शब्द टाइप करायचा त्यांना कंटाळा. कीपासडीएक्सला फोनच्याच लॉकनं उघडायची सोय आहे, पण आमच्या घरी फोनचा पिन लहान पोरापासून सगळ्यांना पाठ. बिटवार्डनला स्वतःचा वेगळा पिन ठेवता येतो. वहिनींनी तो ठेवला आणि कोणाला सांगितला नाही. त्यांच्यासाठी प्रश्न तिथंच मिटला. मी स्वतः कीपासडीएक्सवरच आहे. माझा फोन माझ्या एकट्याचा आहे, पेन ड्राइव्हची सवय आहे, आणि माझी फाइल कोणाच्या सर्व्हरवर नसावी असं मला मनापासून वाटतं.

यूपीआयचा पिन मात्र यातल्या कशातच लिहू नका, वहीतही नाही.

ॲप घ्यायचं कुठून? दोन्ही प्ले स्टोअरवर आहेत. ओपन सोर्स ॲपचं वेगळं दुकान एफ-ड्रॉइड, तिथं कीपासडीएक्स मिळतं. पण एफ-ड्रॉइड टाकण्यासाठी ब्राउझरला बाहेरची ॲप बसवायची परवानगी द्यावी लागते. काम झालं की सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करा. लग्नपत्रिकेच्या किंवा पीएम किसानच्या नावानं व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फायली (उघडली की ॲप बसवणाऱ्या फायली) अशीच उघडी परवानगी शोधत असतात. चुकून बसवलीच आणि पैसे गेले, तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. ज्यांना ही परवानगी चालू-बंद करणं जमणार नाही, त्यांनी प्ले स्टोअरवरूनच घ्यावं.

आधार नि सातबाऱ्याचे फोटो पाठवायला व्हॉट्सॲप की सिग्नल, हेही लोक विचारतात. मजकूर दोन्हीकडे कुलूपबंद असतो, व्हॉट्सॲपनं ती पद्धत सिग्नलचीच घेतली आहे. फरक बाजूच्या माहितीत आहे, म्हणजे कोण कोणाशी, कधी बोललं अशा नोंदींत. 2016 मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाच्या मागणीवरून सिग्नलला एका खात्याची माहिती द्यावी लागली, तेव्हा खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच त्यांच्याकडे निघालं. गावचे सगळे ग्रुप व्हॉट्सॲपवर आहेत, ते सोडा असं मी म्हणणार नाही. आम्ही घरच्या चौघांपुरतं सिग्नल घेतलं आहे. आधारचा फोटो त्यावर जातो, तोही आकडे झाकलेल्या मास्क्ड आधारचा, आणि संदेश एका दिवसात आपोआप पुसला जाईल असं लावून.