नंबर जुळला म्हणून मीच खूश झालो होतो

आधी आकडा सांगतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी एकदाच हसून घ्यावं. 61,000 रुपये. जुन्या रिव्हॉल्व्हरची नळी बदलून देण्याचे. नळी बदललीच नाही.

हत्यार आजोबांचं. स्मिथ अँड वेसन, .32 बोअर, सहा राऊंडचं. आजोबांकडून वडिलांकडे आणि पुढे वारसाहक्काने माझ्या परवान्यावर आलेलं. परदेशी रिव्हॉल्व्हरची आयात आपल्यासारख्यांसाठी 1980च्या दशकातच बंद झाली. त्यामुळे अशा हत्याराचा एक स्क्रू मिळवायलाही किती दारं झिजवावी लागतात, हे ज्यांच्या घरी असं काही आहे त्यांना सांगायला नको. त्या बंदूकवाल्यालाही ते चांगलंच ठाऊक होतं.

नळी खराब झाली ती माझ्याच हातून. क्लबच्या रेंजवर जुनी, कपाटात कुजलेली काडतुसं घेऊन गेलो. एका राऊंडचा आवाज नेहमीसारखा न येता नुसता फुस्स झाला. गोळी आतच अडकली होती आणि मी शहाण्यासारखा पुढचा चाप ओढला. नळी फाटली नाही हे नशीब, पण मधोमध बांगडी घातल्यासारखी फुगली. आवाज विचित्र आला तर तिथेच थांबा, नळी मोकळी आहे हे कळल्याशिवाय पुढचा राऊंड उडवू नका. हा धडा फुकट देतोय, पुढचा महाग आहे.

ऑगस्ट 2024 मध्ये मी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे गेलो. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 खाली नुसत्या दुरुस्तीलासुद्धा परवाना लागतो. त्याच्याकडे तो होता, भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये लावलेला. म्हणजे मी कुठल्या गावठी कारागिराकडे गेलो नव्हतो. हे मुद्दाम लिहितोय, कारण घरात अजून जेवताना मला तेच ऐकवलं जातं.

हत्यार हातात घेऊन त्याचं पहिलं वाक्य होतं, "वेब्लीची नळी पडून आहे माझ्याकडे, तीच चढवू."

आता, ज्याने दोन्ही हत्यारं एकदा जरी उघडून पाहिली असतील त्याला कळेल की हे अशक्य आहे. वेब्ली, म्हणजे दुसऱ्याच कंपनीचं रिव्हॉल्व्हर, बिजागरीवर मोडते, तिची नळी आणि वरची पट्टी एकाच तुकड्यातली असते. माझ्या हत्याराची फ्रेम अखंड, नळी तिच्यात आट्यांवर बसलेली आणि आडवी पिन मारून पक्की केलेली. मी त्याला हे सांगितलं. त्याने कपाळावर हात मारून घेतला, म्हणाला, "साहेब जाणकार आहेत, तुमच्यासमोर काय बोलणार!" आणि मी विरघळलो. ज्या माणसाला एवढं माहीत नाही त्याच्या हाती आजोबांचं हत्यार द्यायचं नाही, हे कळायला हवं होतं. पण जाणकार म्हटल्यावर उठून जाणार कोण?

हिशेब असा ठरला. ओरिजिनल नळी 42,000. बसवण्याची मजुरी 8,500. ब्लूइंग, म्हणजे ते निळंकाळं पॉलिश, 4,500. 'प्रूफ आणि कागदपत्रं' म्हणून, म्हणजे नळीची चाचणी वगैरे, 6,000. त्यातले 25,000 आगाऊ, रोख. उरलेले डिलिव्हरीला, 30,000 रोख आणि 6,000 यूपीआयवर. तेही त्याच्या नाही, त्याच्या मेव्हण्याच्या नंबरवर, कारण 'आपल्या खात्याची लिमिट संपली'. असं कुणी म्हटलं की फोन खिशात ठेवा आणि चपला घाला.

नळी 'येतेय, येतेय' म्हणत सप्टेंबर गेला. 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि त्याला आयतं निमित्त मिळालं. "साहेब, सध्या सगळी हत्यारं जमा आहेत, कुठे हात लावू?" आम्हा परवानेवाल्यांना निवडणुकीत हत्यार जमा करायची इतकी सवय की मला ते पटलंसुद्धा. डिसेंबरात फोन आला, माल तयार आहे.

आता तो क्षण. या क्षणावर मी इतक्या रात्री घालवल्यात की तो मला तोंडपाठ झालाय.

त्याने मखमली कापडावर रिव्हॉल्व्हर ठेवलं. निळंकाळं, चकचकीत, नवरीसारखं. फुगवटा कुठेच नाही. मी गोळ्यांची चक्री बाहेर काढली आणि सवयीने उलटं करून नळीच्या पोटाकडे पाहिलं. या जुन्या हत्यारांवर नंबर तीन ठिकाणी असतो: मुठीच्या तळाला, चक्रीच्या मागच्या तोंडावर आणि नळीच्या खालच्या बाजूला. नळीखालचा नंबर परवान्याशी तंतोतंत जुळत होता. त्यातला 3 चा आकडा थोडा तिरका, अर्धवट उठलेला. लहानपणी आजोबा हत्यार पुसायचे तेव्हा मी त्या तिरक्या तीनवर बोट फिरवायचो.

मी काय म्हणालो असेन? "वा, नंबरही जुळवून आणलात!"

नवी नळी एक तर कोरी येईल किंवा तिच्यावर भलत्याच हत्याराचा नंबर असेल. माझ्या आजोबांच्या हत्याराचा तिरका तीन घेऊन ती कुठल्या कारखान्यातून येणार होती? तो माणूस क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुमच्यासाठी खास, साहेब." मी पैसे मोजले.

बरं, तेवढं एकच नव्हतं. नळीच्या बाजूवरची कंपनीची अक्षरं पुसट झाली होती. पॉलिशच्या चाकावर घासली की ती आधी जातात. मी मनाशी म्हटलं, जुना स्टॉक असेल. आत बघावं म्हटलं तर नळी ग्रीसने ठासलेली. "महिनाभर काढू नका, नव्या नळीला मुरू द्या." लोणचं आहे का ते? जुनी नळी परत मागितली तर म्हणाला, जमा करावी लागते. कुठे जमा, कशाची पावती, मी विचारलं नाही. जुना भाग परत घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही आणि आतली सगळी ग्रीस त्याच्यासमोर पुसून, उजेडाकडे धरून बघायचं. एवढी दोन मिनिटं मी वाचवली.

जानेवारीत क्लबवर नेलं. तिथे आमचे एक सुभेदारकाका आहेत, निवृत्त, फार बोलत नाहीत. त्यांनी आधी नळी साफ करायला घेतली. गजावर कापड लावून आत ढकललं, मधोमध हात थांबवला, पुन्हा मागेपुढे केलं. मग गज माझ्या हातात दिला. कापड सगळीकडे घट्ट सरकत होतं आणि एका जागी एकदम सैल पडत होतं. उजेडाकडे धरल्यावर तिथेच काळी कडी दिसली. "अरे बाबा, ही तीच नळी आहे. वरून फुगवटा घासलाय. आता तिथे पत्रा राहिलाय. पुन्हा उडवू नकोस." म्हणजे 61,000 देऊन मी ते आधीपेक्षा धोकादायक करून आणलं होतं.

इथून पुढे सरकार.

पोलीस ठाण्यात सांगितलं, हा दिवाणी वाद आहे. मी म्हटलं, भारतीय न्याय संहितेचं कलम 318, फसवणूक. ते म्हणाले, पावती दाखवा. पावती काढली तेव्हा मलाच घाम फुटला. तिच्यावर लिहिलं होतं: 'दुरुस्ती व पॉलिश, 4,500.' मी ती घेताना वाचलीच नव्हती. ते ठाणेही म्हणे माझं नाही, दुकान शेजारच्या जिल्ह्यात. तिथे गेलो तर साहेब बंदोबस्तात. तीन खेपा. शेवटी पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी तक्रार पाठवली. ठाण्यात गुन्हा नोंदवत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) मध्ये ती सोय आहे. पोच आली, उत्तर नाही. 1930 वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तर तिकडून विचारलं, पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत ना?

पण कळस झाला कलेक्टर कचेरीच्या गृह शाखेत. वाटलं होतं, दुरुस्तीवाल्याच्या परवान्याची निदान चौकशी करतील. टेबलावरच्या बाईंनी अर्ज वाचून मलाच विचारलं, "नळी बदलायचं ठरवलंत, तर परवानगी कुठे आहे?"

"मॅडम, बदललीच नाही. तीच तर तक्रार आहे."

"मग हत्यार परवान्याप्रमाणेच आहे ना? नुकसान काय झालं तुमचं?"

बदलली असती तर मी आरोपी, नाही बदलली म्हणून नुकसान नाही. वर त्यांनी आठवण करून दिली की कायद्यात 'अग्निशस्त्र' म्हणताना सुटे भागही धरले जातात, तेव्हा बिनबिलाची नळी घरात आणली असती तर काय झालं असतं याचा विचार करा. बाईंचं बरोबर होतं, हेच जास्त झोंबलं. अर्ज ठेवून घ्या म्हटलं तर आवक-जावक वेगळ्या खिडकीवर, आणि ती खिडकी जेवायला गेलेली. मी दीड तास उभा होतो. चहावाला दोनदा आत जाऊन आला.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची असते, तेव्हा माझ्यासारखे चार महिने हेलपाटे घालण्याआधीच टाका. देण्याआधी हत्याराचे फोटो काढा, तिन्ही नंबरांसकट. बिलावर नळी हा शब्द आणि तिची रक्कम येऊ द्या. माझ्याकडे पुरावा म्हणून मेव्हण्याच्या नावाचे 6,000, त्याचे दोन व्हॉइस मेसेज आणि सुभेदारकाका आहेत. काका साक्षीला येतो म्हणालेत.

मागच्या तारखेला त्याने लेखी उत्तर दाखल केलं. त्यात चौथ्या परिच्छेदात लिहिलंय: नळीवरील क्रमांक परवान्यातील क्रमांकाशी जुळतो, यावरून नळी मूळचीच असून आम्ही ती बदललेली नाही, हे सिद्ध होते. आम्ही केवळ पॉलिश करून दिले व त्याचे 4,500 रुपये घेतले.

पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे.