वायफाय ६ राउटर काही महिने वापरल्यावर: लॅपटॉपला स्पीड का मिळत नव्हता आणि कशाने मिळाला

राउटर चांगला आहे, पण खोक्यातून काढला, प्लग लावला की झालं असं ज्यांना हवंय त्यांच्यासाठी नाही, हे आधीच सांगते. आता बरेच महिने झाले रोज वापरतेय. ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही रेडिओ पट्ट्यांवर चालणारा, वायफाय ६, मागे सगळे गिगाबिट पोर्ट, चार अँटेना. लॅपटॉपसुद्धा वायफाय ६ चाच, आत दोन अँटेनांचं कार्ड, म्हणजे कागदावर जोडी एकदम जमलेली. तरीपण सुरुवातीचे कित्येक दिवस हाल असे होते की ३०० एमबीपीएसच्या प्लॅनवर टेबलावरचा फोन जवळजवळ पूर्ण स्पीड दाखवतोय आणि त्याच्याच शेजारचा लॅपटॉप कधी ४० कधी ६०, आणि एखादी मोठी फाइल हार्ड डिस्कवर कॉपी होत असेल तर विचारूच नका.

अशा वेळी सगळे जण स्पीड टेस्टच्या मागे लागतात आणि तिथेच गोंधळ सुरू होतो, कारण स्पीड टेस्ट मोजते अख्खा रस्ता, लॅपटॉप ते राउटर, राउटर ते कंपनी, कंपनी ते तो टेस्टचा सर्व्हर, आणि यातलं नक्की कुठे अडलंय ते ती सांगत नाही. फोनला स्पीड मिळतोय म्हटल्यावर कंपनीला फोन करून उपयोग नाही, अडलंय ते लॅपटॉप आणि राउटरच्या मध्येच. तेवढाच तुकडा वेगळा काढून बघायचा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ (netsh wlan show interfaces) ही कमांड द्यायची, मॅकवर ऑप्शन बटण दाबून धरून वायफायच्या चिन्हावर क्लिक करायचं. चॅनल (बँडमधला छोटा तुकडा) कुठला, रेट किती, सिग्नल किती, सगळं समोर येतं. माझ्याकडे विंडोज आहे, त्यात रिसीव्ह रेट कधी १०३ तर कधी ६९ आणि चॅनल ११. चॅनल ११ म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ. राउटर ५ गिगाहर्ट्झवर मोकळा बसलाय आणि लॅपटॉप २.४ च्या गर्दीत अडकलाय, इथेच अर्धं उत्तर मिळालं.

हा जो रेट दिसतो तो खरा स्पीड नसतो बरं का. तो लॅपटॉप आणि राउटरमध्ये ठरलेला बोलण्याचा वेग असतो, आणि वायफायमध्ये एका चॅनलवर एका वेळी साधारण एकालाच बोलता येतं, वर पोच देणं आलं, थांबणं आलं, चुकलेलं परत पाठवणं आलं, त्यामुळे हातात पडतो तो साधारण अर्धा ते फार तर दोन तृतीयांश. ६९ चा रेट असताना ४० मिळाले तर ते बरोबरच आहे, त्यात राउटरचा दोष नाही. खोक्यावर जो मोठा आकडा छापलेला असतो तो तर दोन्ही बँडची बेरीज असते, कुठल्याच एका लॅपटॉपला तो मिळत नाही. आणि हो, डाउनलोड करताना ब्राउझर मेगाबाइट दाखवतो, प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, ८ ने भागायचं, हे माहीत असलेले पण घाईत विसरतात.

आता लॅपटॉप २.४ वर का बसला? राउटरमध्ये स्मार्ट कनेक्ट म्हणून प्रकार आहे, दोन्ही बँडना एकच नाव देतो आणि म्हणतो मी बघून घेतो. पण कुठल्या बँडला जोडायचं हे शेवटी लॅपटॉप ठरवतो, राउटर फक्त थोडं ढकलून बघू शकतो. २.४ ची लहर भिंतीतून जास्त चांगली जाते त्यामुळे तिचा सिग्नल जोरात दिसतो, आणि काही ड्रायव्हर, म्हणजे वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नुसता जोर बघून तिकडेच जातात. स्मार्ट कनेक्ट बंद केलं, दोन बँडना दोन नावं दिली, लॅपटॉपमधलं २.४ वालं नाव विसरायला लावलं, झालं. एकच नाव ठेवायचं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये बऱ्याच कार्डांना पसंतीचा बँड निवडता येतो, तिथे ५ लावा. त्यानंतर राउटरच्या खोलीत रेट १२०१, जो दोन अँटेनांच्या वायफाय ६ कार्डाला ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलवर मिळू शकणारा सर्वात वरचा रेट आहे, आणि एक भिंत ओलांडून माझ्या टेबलावर ७२० च्या आसपास. वायफाय ५ चं कार्ड असेल तर हाच वरचा आकडा ८६६ असतो, त्यामुळे ८६६ दिसलं म्हणून घाबरू नका, ४३३ दिसत राहिलं तर मात्र एकच अँटेना काम करतेय का ते बघा. लॅपटॉप कधी उघडून दुरुस्त केला असेल तर कार्डावरच्या त्या दोन बारीक वायरींपैकी एक निसटलेली असू शकते. टोपीसारखं अगदी बारीक गोल कनेक्टर असतं, नीट बसलं की बोटाला टक् जाणवतं.

पण माझ्या डोक्यात एक गोष्ट राहिलीच होती, २.४ वर झालं तरी इतकं कमी का? त्या बँडवर पण माझ्या कार्डाला २८६ पर्यंत रेट मिळायला हवा. याचा धागा मिळाला माउसवरून. वायरलेस माउस आहे, छोटा रिसीव्हर यूएसबीत खोचलेला, आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर काही कॉपी करायला लागलं की स्क्रीनवरचा बाण अडखळायचा, दोन इंच सरकून थांबायचा, मग उडी मारून पुढे. कॉपी संपली की परत लोण्यासारखा. माउसचा रिसीव्हर २.४ वर, वायफाय २.४ वर, आणि डिस्क यूएसबी ३.० ची. यूएसबी ३.० ची केबल आणि कनेक्टर २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास रेडिओ गोंगाट सोडतात, इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर पेपर काढलेला आहे, हे काही अंधश्रद्धेतलं नाही. डिस्क ज्याला लावलेली तो माझा यूएसबी हब लॅपटॉपला अगदी चिकटून, बिजागरीच्या बाजूला होता, आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये अँटेनाच्या वायरी तिथूनच वर स्क्रीनकडे जातात. हब लांब केबलवर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेला, माउसचा रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टात लावला. माउस तिथल्या तिथे सुधारला आणि २.४ वरचा रेट पण दुपटीच्या वर गेला. राउटरच्या मागे पण यूएसबी ३.० पोर्ट आहे, त्यात डिस्क लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा, माझ्या राउटरमध्ये तो पोर्ट २.० वर उतरवायची सोय सेटिंगमध्ये दिलीये, कंपनीला हे ठाऊक आहे म्हणूनच दिलीये.

मोजायचं कसं याबद्दल थोडं, कारण अंदाजाने काही कळत नाही. आयपर्फ ३ (iperf3) नावाचं फुकट टूल आहे. एक कॉम्प्युटर केबलने राउटरला जोडायचा, त्यावर ते सर्व्हर म्हणून चालू करायचं, लॅपटॉपवरून त्याच्याशी बोलायचं, इंटरनेट मध्ये येतच नाही. उलट्या दिशेने पण मोजा, डाउनलोड आणि अपलोडमध्ये कधी कधी जमीन-अस्मानाचा फरक निघतो. माझ्याकडे पहिल्यांदा मोजलं तर आकडा ९४ ला जाऊन चिकटला, हलेचना. वायफायचा रेट ७०० च्या वर आणि मिळतात ९४. हा ९४ आकडा ओळखून ठेवा, १०० एमबीपीएसच्या वायर्ड पोर्टातून प्रत्यक्षात एवढंच निघतं, म्हणजे अडचण वायफायची नाही, केबलची. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, एखादी जोडी तुटली की ती गुपचूप १०० वर येते आणि चालत राहते, कोणाला पत्ता लागत नाही. केबल बदलली, टेबलावरून ५०० च्या आसपास मिळायला लागले. राउटर आणि मोडेमच्या मधली केबल पण अशीच तपासा, तिथे हे झालं तर घरातल्या सगळ्यांनाच १०० च्या आत राहावं लागतं.

आता महिनोनमहिने वापरल्याशिवाय न कळणारी गोष्ट. सगळं छान चालू असताना अधूनमधून लॅपटॉप अचानक हळू व्हायचा आणि मग हळूच राहायचा, मी वायफाय बंद-चालू करेपर्यंत. राउटरचा लॉग वाचल्यावर उलगडा झाला. ५ गिगाहर्ट्झमध्ये ५२ ते १४४ हे चॅनल बऱ्याच देशांत रडारसोबत वाटून घेतलेले आहेत, तिथे राउटरला रडारचा सिग्नल ऐकू आला, खरा असो की भास, तर त्याने तो चॅनल सोडायचाच असा नियम आहे, आणि अशा चॅनलवर नव्याने जाताना आधी निदान एक मिनिट नुसतं ऐकत बसावं लागतं. ऑटो चॅनलवर माझा राउटर नेमका १०० वर जाऊन बसायचा. तिथून उठला की ५ गायब, लॅपटॉप २.४ वर पळतो (तेव्हा त्याचं नाव लॅपटॉपमध्ये सेव्ह असायचं), आणि ५ परत आलं तरी हा परत जात नाही, कारण त्याचं बरं चाललंय असं त्याला वाटतं. चॅनल ३६ हाताने लावला, रुंदी ८०, त्यानंतर हा प्रकार पुन्हा दिसला नाही. खोक्यावर ज्या १६० मेगाहर्ट्झच्या जोरावर २४०२ लिहिलेलं असतं ना, तेवढी रुंदी घ्यायची तर यातले रडारवाले चॅनल बहुतेक ठिकाणी घ्यावेच लागतात, त्यामुळे १६० मी बंदच ठेवलंय आणि मला त्याची काडीचीही उणीव वाटत नाही.

२.४ वर मात्र रुंदी २० च ठेवा. ४० केली की कागदावर रेट दुप्पट होतो पण त्या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल मुळात तीनच, १, ६ आणि ११, त्यात ४० म्हणजे जवळजवळ सगळा रस्ता एकट्याने अडवणं, आणि आजूबाजूचे राउटर काही गप्प बसणार नाहीत. ३ किंवा ८ मोकळा दिसतोय म्हणून तिथे जाऊ नका, एकाच चॅनलवरचे राउटर निदान एकमेकांचं ऐकून पाळीने बोलतात, अर्धवट चढलेले नुसता गोंगाट करतात.

ज्यांचा रेट ५४ च्या वर जातच नाही त्यांनी सिक्युरिटी बघा. टीकेआयपी किंवा त्याहून जुनं डब्ल्यूईपी या जुन्या सुरक्षा पद्धती लावलेल्या असतील तर वायफाय ४ आणि पुढचे वेग नियमानेच मिळत नाहीत. डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३ लावा. डब्ल्यूएमएम (कॉल, व्हिडिओला आधी वाट देणारी वायफायची सेटिंग) बंद केलं तरी तोच परिणाम, ते चालूच असू दे. ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या, लॅपटॉपच्या साइटवर कधी कधी फार जुना असतो. बॅटरीवर असतानाच स्पीड पडत असेल तर पॉवर प्लॅनमध्ये वायरलेस ॲडॉप्टरला जास्तीत जास्त परफॉर्मन्सवर ठेवा, नव्या काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसतच नाही, तो भाग वेगळा.

जागेबद्दल सगळेच सांगतात पण कोणी मोजून सांगत नाही म्हणून लिहिते. राउटर आधी टीव्हीच्या मागे, खालच्या कप्प्यात होता, टेबलावर सिग्नल उणे ७१ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं). कपाटाच्या वर उघड्यावर ठेवला, उणे ६१. दिसायला दहाच, पण ३ डीबी म्हणजे दुप्पट आणि १० डीबी म्हणजे दहापट ताकद. उणे ६७ च्या आत राहिलात तर व्हिडिओ कॉल निवांत चालतो. अँटेना उभ्याच ठेवल्यात, लहर बाजूला पसरते, टोकाच्या दिशेला सगळ्यात कमी, त्यामुळे लॅपटॉपकडे बोट दाखवल्यासारखा दांडा वळवायचा नाही.

राउटरबद्दल तक्रारी दोन. मोबाइल ॲपमध्ये चॅनलची रुंदी दिसतच नाही, ब्राउझरमधून आत जावं लागतं, एवढी महत्त्वाची सेटिंग लपवून का ठेवावी कळत नाही. दुसरी, फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट झालं की स्मार्ट कनेक्ट आपोआप परत चालू, हा फार वैताग आहे, अपडेटनंतर दर वेळी जाऊन बघावं लागतं. बाकी हँग होणं, रोज रीस्टार्ट करणं वगैरे काही नाही, खूप डिव्हाइस जोडली तरी डगमगत नाही, वायर्ड पोर्ट उत्तम. क्यूओएस (कुठल्या कामाला आधी स्पीड द्यायचा ते ठरवणारी सोय) मात्र चालू केलं की इंटरनेटचा स्पीड खाली येतो, कारण मग प्रत्येक पॅकेट प्रोसेसरला हाताळावं लागतं, म्हणून बंद ठेवलंय.

टोकाच्या खोलीत, दोन काँक्रीटच्या भिंती ओलांडून, ५ अजूनही टिकत नाही, तिथे लॅपटॉपवर २.४ चं नाव परत सेव्ह करून तेच वापरते आणि ८०-९० मिळतात. कॉलला पुरतात, मोठ्या फाइलींना नाही. तिथे रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) नको, एकाच रेडिओवर घेऊन परत पाठवायचं म्हटलं की स्पीड अर्धा होतो, त्यामुळे भिंतीच्या कडेने केबल नेऊन दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून वायफाय देणारा डबा, लावणार आहे, आणि ती केबल ओढली की आधी आयपर्फवर ९४ च्या वर जाते का ते बघून मगच खिळे मारणार.